धागा: भारतात बोट्युलिझमची नोंद जवळपास नाहीच. रोग नाही, की शोध नाही?

धानोरा_रानभाज्या
पाऊस लागला की वास्ते (बांबूचे कोंब) निघतात आणि महिना-दीड महिन्यात संपतात. ते उकडून, मिठाच्या पाण्यात बरणीबंद करून वर्षभर विकावेत असा काही बचत गटांचा विचार आहे. पण थायलंडच्या नान प्रांतात नेमकं हेच करून काय झालं ते वाचलं की हात थांबतो. मार्च २००६, बान लुआंग जिल्हा, घरगुती डबाबंद वास्त्यांतून बोट्युलिझम, म्हणजे अन्नात वाढलेल्या जंतूच्या विषाने येणारा लकवा: २०९ जण आजारी, त्यातले ४२ व्हेंटिलेटरवर. त्याच प्रांतात १९९८ मध्येही डब्यातल्या वास्त्यांमुळेच १३ जणांना बाधा झाली होती आणि दोघे गेले होते.

आपल्याकडची ठळक नोंद म्हणजे १९९६ ची, गुजरातमधल्या निवासी शाळेतली. प्रश्न दोन आहेत. एवढ्या मोठ्या देशात हा रोग खरंच इतका कमी आहे का? आणि कमी असेल, तर तो आपल्या खाण्याच्या कोणत्या सवयीमुळे? ती सवय आपण बरणीबंद करून मोडणार असू, तर आधी कळलेलं बरं.

तर्रीपोहा
आपल्याकडं लोणचं, पापड, कुरड्या, सांडगे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. कोनाले लकवा झाला नाई. परदेशातला रोग आहे हा, ताई.

साथरोग_वर्धा
तर्रीभाऊंचं अर्धं बरोबर आहे. अर्धं का नाही, ते आकड्यांतून सांगतो.

अमेरिकेत सीडीसी ही सरकारी रोगनियंत्रण संस्था १९७३ पासून बोट्युलिझमची देशव्यापी नोंद ठेवते. तिथे अन्नातून होणारे रुग्ण साधारण २० ते २५ वर्षाला, लोकसंख्या ३३ कोटी. २० धरले तरी दीड कोटींहून जास्त, म्हणजे १ कोटी ६५ लाख लोकांमागे वर्षाला एक रुग्ण. हाच दर भारताला लावला तर १४० कोटींत वर्षाला ८५ च्या आसपास रुग्ण दिसायला हवेत. विदर्भाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे २ कोटी ३० लाख. म्हणजे सगळ्या अकरा जिल्ह्यांत मिळून वर्षाला एक किंवा दोन.

आता हेच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाजूने बघा. एका केंद्राखाली ३०,००० लोक. त्या केंद्रात असा एक रुग्ण यायला ५५० वर्षं लागतील. कोणताही वैद्यकीय अधिकारी आपल्या नोकरीत एकदाही बोट्युलिझम बघणार नाही, आणि समोर आला तर ओळखायचं कारण नाही. देशात ८५ असले तरी नोंद शून्य राहू शकते, ती अशी.

डाळमिल_अकोला
सर, सरासरी अशी पसरून लावणं मला पटत नाही. हा रोग पावसासारखा सगळीकडे सारखा पडत नाही, एका बरणीतून येतो. अमेरिकेत २०१५ मध्ये अन्नातले ३९ रुग्ण होते. त्यातले २९ ओहायोच्या लँकेस्टर गावातल्या चर्चमधल्या एकाच जेवणाचे. घरी डबाबंद केलेले बटाटे, प्रेशर कॅनरऐवजी (दाबाखाली डबाबंद करायचं भांडं) नुसत्या उकळत्या पाण्यात केलेले, आणि त्यांचं सॅलड. ते एक जेवण वगळलं तर त्या वर्षीचा देशाचा आकडा १० वर येतो. म्हणून दर देशाचा नसतो, स्वयंपाकघराचा असतो. आपल्याकडे भाजी डबाबंद करायची पद्धतच नाही, तर तो दर आणायचा कुठून?

साथरोग_वर्धा
मान्य. ८५ हा अंदाज नाहीच, "शून्य म्हणजे नाही" हे गृहीत तपासण्यासाठीची पट्टी आहे. स्वयंपाकघराचा मुद्दा तर जगभर दिसतो. जॉर्जिया या देशात १९८० ते २००२ मध्ये ८७९ रुग्ण, दर लाखाला जवळजवळ एक, कारण घरात हवाबंद केलेल्या भाज्या. इटलीत तेलात ठेवलेल्या भाज्या आणि मशरूम. १९८६ ते २०१५ मध्ये खात्रीचे ४६६ रुग्ण. पोलंडमध्ये बरणीतलं मांस. फ्रान्समध्ये घरी खारवलेलं डुकराचं मांस. कॅनडा आणि अलास्कात मूळ रहिवाशांचे आंबवलेले मासे, सील, व्हेल, आणि तिथे या विषाच्या ए, बी, सी अशा प्रकारांपैकी ई. इजिप्तमध्ये १९९१ ला फेसीख नावाची खारवलेली मासळी, १८ मृत्यू. चीनमध्ये २००४ ते २०२० मध्ये ८० उद्रेक, ३८६ रुग्ण, ५५ मृत्यू. शिनजियांगमध्ये आंबवलेलं सोयाबीन हे जुनं कारण.

आकडा जिथे मोठा, तिथे दोन गोष्टी सोबत दिसतात: हवा न लागणारं, आंबट नसलेलं साठवणीचं अन्न, आणि ते शोधणारी प्रयोगशाळा. आपल्याकडे पहिली कमी आहे. दुसरीही कमी आहे. कोणती किती, एवढाच वाद.

खाद्यप्रक्रिया_अमरावती
पहिल्या गोष्टीचं शास्त्र मांडते. तर्रीभाऊंनी दिलेली सगळी नावं सुरक्षित का, ते त्यात येतं.

या रोगाचा जंतू, क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम, मातीत राहतो. त्याचे बीजाणू, म्हणजे उकळीतही टिकणारी त्याची बीजं, प्रत्येक कंदावर, प्रत्येक वास्त्यावर असणारच, आणि मोठ्या माणसाच्या पोटात गेले तर सहसा काही करत नाहीत. विष तयार व्हायला ते रुजून वाढावे लागतात, आणि त्याला हवा नको, ओल हवी, आंबटपणा कमी हवा, ऊब हवी. माणसाला लागणाऱ्या नेहमीच्या गटाची हद्द अशी: पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या वर, मीठ पाण्याच्या हिशेबाने १० टक्क्यांच्या खाली, तापमान साधारण १० अंशांच्या वर. वाढीला सगळ्यात सोयीचं ३५ ते ४० अंश. आपल्या उन्हाळ्यातलं स्वयंपाकघर तेवढंच असतं.

कैरीचं लोणचं आंबट आणि वर खारट, दोन कुलपं. पापड, कुरड्या, सांडगे, सुकवलेले वास्ते यांत ओलच नाही. अंबाडी, चिंच, लिंबू आंबट. घरातलं रोजचं वरण-भाजी ताजं, दोन्ही वेळा उकळतं. आपली परंपरा या रोगाविरुद्ध खरोखर भक्कम आहे.

भोक कुठे आहे? लसूण तेलात. हिरव्या मिरचीचा ठेचा तेलाखाली. कांदा-लसणाचं वाटण वर तेलाचा थर देऊन दोन-तीन दिवस ओट्यावर. आणि ताईंचे बरणीतले वास्ते. इथे आंबट नाही, मीठ चवीपुरतं, आणि तेलाने किंवा झाकणाने हवा बंद.

तर्रीपोहा
मॅडम, ठेच्यावर आलात आता! ठेचा फ्रिजात कोन ठेवते? चुलीपाशीच राहते. आन् मिरची इतकी झणझणीत राहते, त्यात जंतू जगनार कसा?

खाद्यप्रक्रिया_अमरावती
तिखटपणाने हा जंतू मरत नाही, भाऊ. १९७७ मध्ये मिशिगनच्या पाँटिॲकमध्ये ५९ जणांना बाधा झाली, ती घरगुती डबाबंद हालापेन्यो मिरच्यांच्या झणझणीत सॉसमधून. एका उपाहारगृहात ५९! लसणाचं उदाहरण व्हँकुव्हरचं: १९८५, तेलातला बारीक केलेला लसूण, ३६ रुग्ण. आणि वाटणाला सगळ्यात जवळचं १९८३ चं, इलिनॉयमधल्या पिओरियाचं: परतलेला कांदा मार्गारीनच्या थराखाली कोमट ठेवला होता, २८ रुग्ण. कांदा परतताना बाकीचे जंतू मेले, बीजाणू उरले, वरून चरबीने हवा अडवली. मोकळं रान मिळालं.

रोज कुटून दोन दिवसांत संपणारा, वर तेल नसलेला ठेचा वेगळा. प्रश्न तेलात बुडवून महिनाभर टिकवायच्या ठेच्याचा आहे.

पूर्णाकाठ
तेलात टिकवायचाच असेल तर काय करावं, ते नेमकं सांगा. नुसतं लिंबू पिळलं तर पुरतं का?

खाद्यप्रक्रिया_अमरावती
नुसतं पिळून पुरत नाही. रस बाहेर राहतो आणि पाकळीचं पोट आंबट होत नाही. लसणासाठी तपासलेली रीत अशी. पाकळ्या सोलून पाव इंचापेक्षा मोठे तुकडे राहणार नाहीत अशा चिराव्यात. लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, ३ टक्के: ३० ग्रॅम लिंबूसत्त्व ९७० मिली पाण्यात. वजनाने एक भाग लसूण, तीन भाग हे पाणी. लसूण वर तरंगतो, म्हणून ताटलीने दाबून बुडवून ठेवायचा, किमान २४ तास. मग निथळून तेलात. अख्ख्या पाकळ्यांना ही रीत चालत नाही.

आम्लात न भिजवलेला लसूण तेलात घातला असेल तर तो ४ अंशांच्या फ्रिजमध्ये, आणि चार दिवसांत संपवायचा. जिथे रोज सहा-आठ तास वीज जाते तिथल्या फ्रिजवर हा भरवसा ठेवू नये.

धानोरा_रानभाज्या
आणि वास्ते? प्रेशर कुकरमध्ये बरण्या ठेवून चालेल का? कुकरमध्ये १२१ अंश होतात असं म्हणतात.

खाद्यप्रक्रिया_अमरावती
होतात, पण कुकरमधल्या वाफेत. बरणीच्या मधोमध नाही. बीजाणू मारायला १२१ अंश हे बरणीच्या सगळ्यात थंड बिंदूला निदान अडीच-तीन मिनिटं मिळायला हवेत, आणि तो बिंदू किती वेळात तापतो हे बरणीचा आकार, तुकड्यांची जाडी, घट्ट भरलं की सैल, यावर ठरतं. घरच्या कुकरसाठी हे कुणी मोजून दिलेलं नाही. शिवाय कुकर लवकर गार होतो, दाब झपकन उतरतो, बरणीतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि झाकणाची कड नीट बसत नाही. गटाने ही वाट धरू नये.

दोन वाटा आहेत. एक, सुकवणं. वास्ते पातळ कापून, उकडून, ते पाणी टाकून (कच्च्या वास्त्यातलं सायनाइडसुद्धा त्यानेच जातं) कडक वाळवायचे. तुकडा वाकला नाही, मोडला, तरच भरायचा.

दुसरी, आंबट करणं. तुकडे ५ मिलीमीटरपेक्षा जाड नकोत. उकडून निथळल्यावर आंबट-खारट पाण्यात उकळायचे. सुरुवातीचं माप म्हणून लिटरला १० ग्रॅम लिंबूसत्त्व आणि २० ग्रॅम मीठ घ्या, पण विश्वास मापावर नाही, मोजणीवर ठेवायचा. २४ तासांनी आणि पुन्हा सातव्या दिवशी तुकडे बाहेर काढून, निथळून, ठेचून त्या लगद्याचा पीएच बघायचा. कायद्याची रेघ ४.६, आपण ४.२ च्या वर गेलेली बरणी विकायची नाही. वर असेल तर पुढच्या घाण्याला लिंबूसत्त्व वाढवायचं. पीएच मीटर दर वेळी ४.०० आणि ७.०० च्या द्रावणांवर लावून घ्यायचा. कागदी पट्टी लागलीच तर १ ते १४ ची नको, ४ च्या आसपासचे बारीक टप्पे दाखवणारी हवी.

आणि नुसत्या बरणीच्या पाण्यात मीटर बुडवून आकडा लिहायचा नाही. पाणी आधी आंबट होतं, तुकडा नंतर.

पूर्णाकाठ
खराब झालेली बरणी फुगते, वास मारते ना? मग कळेलच की.

खाद्यप्रक्रिया_अमरावती
फुगली, फसफसली तर टाकायचीच, चाखायची नाही. पण न फुगलेली, वास न येणारीही विषारी असू शकते. थंडीत वाढणारा जो दुसरा गट आहे तो वासाचा मागमूस देत नाही. नाक ही तपासणी नव्हे.

एक दिलासा मात्र आहे: बीजाणू चिवट, विष नाजूक. ८५ अंशांवर पाच मिनिटांत विष मोडतं. घरी बरणीबंद केलेलं अन्न खाण्याआधी दहा मिनिटं खळखळ उकळायचं, आणि दर हजार फूट उंचीला एक मिनिट वाढवायचं. नागपूर हजार फुटांवर, म्हणून अकरा. चिखलदऱ्याला चौदा धरा. बरणीवर हे मोठ्या अक्षरात छापा.

मेळघाट_मध
विषयाला थोडा फाटा. जंगलातला मध विकणाऱ्यांनी एक ओळ लिहायलाच हवी: एक वर्षाखालच्या बाळाला देऊ नये. जन्मल्यावर मध चाटवतात, गुटी मधात उगाळतात. मोठ्यांच्या आतड्यात बीजाणू सहसा रुजत नाहीत, तान्ह्याच्या रुजू शकतात. अमेरिकेत बोट्युलिझमचे सर्वाधिक रुग्ण तान्ही बाळंच आहेत, २०१५ मध्ये १४१. तिथे हा प्रकार ओळखला गेला तोच १९७६ मध्ये. बाळाला शौचास न होणं, रडणं क्षीण होणं, दूध ओढता न येणं, मान टाकणं ही लक्षणं. मध गरम करून उपयोग नाही, घरच्या उकळीने बीजाणू मरत नाहीत.

पशुवैद्यक_आर्णी
जनावरांत हा रोग आपल्याला परका नाही. उन्हाळ्यात चाऱ्यातलं फॉस्फरस कमी पडलं की गाई हाडं चघळतात, मेलेल्या जनावराच्या हाडांतून विष पोटात जातं, आणि गाय मागच्या पायांवर लुळी पडते, जीभ बाहेर लोंबते. ताप नाही. उपाय दोन: रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण, आणि मेलेलं ढोर उघड्यावर न टाकता खोल पुरणं. हे बहुतेक सी आणि डी प्रकारचं विष. माणसांतले उद्रेक ए, बी, ई चे. म्हणून गाय पडली म्हणजे घरच्यांना धोका, असं नाही. पण माती तीच आहे.

डाळमिल_अकोला
मूळ प्रश्न सुटत चाललाय. साथरोग सर म्हणाले, ओळखायचं कारण नाही. मग हे रुग्ण जातात कुठे? लकवा मारलेला माणूस दवाखान्यात येतोच ना, कशाच्या तरी नावावर लिहिला जातोच.

साथरोग_वर्धा
हाच कळीचा प्रश्न. विदर्भातल्या दवाखान्यात तो बहुधा दोन नावांखाली जाईल: मण्यार आणि फवारणी.

बोट्युलिझमचं चित्र असं: खाल्ल्यावर साधारण १२ ते ३६ तासांनी, कधी पार आठ-दहा दिवसांनीही, आधी डोळे. दोन-दोन दिसतं, पापण्या पडतात. मग बोलणं जड, गिळता येत नाही, तोंड कोरडं. मग मान, हात, छाती, पाय, वरून खाली आणि दोन्ही बाजूंना सारखं. ताप नाही, शुद्ध पूर्ण.

मण्यारीचा दंश: पापण्या पडणं, गिळता न येणं, श्वास थांबणं, सगळं तसंच. दाताच्या खुणा बहुतेक वेळा दिसत नाहीत, पोटात दुखून सुरुवात होते. बाहुल्यासुद्धा मोठ्या होऊ शकतात. तपासून वेगळं करता येत नाही, विचारून येतं. रात्री जमिनीवर झोपले होते का? उठल्यावर सुरू झालं का? घरात एकालाच आहे का? मण्यार एकाला चावते. एका ताटातल्या दोघांच्या पापण्या पडल्या, तर साप मनातून काढा आणि बरणी शोधा.

फवारणीचं विष: बाहुल्या टाचणीएवढ्या, लाळ, घाम, स्नायू फडफडणं. बोट्युलिझममध्ये उलट, तोंड कोरडं आणि बाहुल्या मोठ्या. पण फवारणीनंतर एक ते चार दिवसांनी मान उचलता न येणं, चेहरा आणि श्वास दुबळा होणं हा वेगळा टप्पा येतो, आणि तिथे गफलत होते. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधा झाल्यापासून कपाशीच्या पट्ट्यात अशा रुग्णाला तेच नाव आधी सुचतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. धोतऱ्यातही तोंड कोरडं, बाहुल्या मोठ्या, पण माणूस बरळतो. गिलियन-बारे, म्हणजे मज्जातंतूंच्या आजाराचा लकवा, पायांकडून वर चढतो.

पूर्णाकाठ
लाखोळी डाळीचा लकवा?

साथरोग_वर्धा
तो महिनोन्‌महिने खाल्ल्यावर, फक्त पायांचा, आणि पाय ताठ होतात, लुळे नाही. यात मिसळणार नाही.

नोंदीची भोकं पुढची. पोलिओसाठीची लुळेपणाची पाहणी १५ वर्षांखालची. चाळिशीचा माणूस तिच्यात येत नाही. आयडीएसपीत, म्हणजे सरकारच्या साथरोग पाहणीत, उपकेंद्राचा एस फॉर्म, वैद्यकीय अधिकाऱ्याचा पी, प्रयोगशाळेचा एल, आता सगळं आयएचआयपी पोर्टलवर. त्यात "अन्नविषबाधा" म्हणून वर येतं ते लग्नातल्या पन्नास जणांना उलट्या झाल्यावर. दोघा नवरा-बायकोला दोन-दोन दिसतंय, हे त्या चाळणीत अडकत नाही. आणि देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले चारात एकही नाहीत.

गुजरातची १९९६ ची नोंद झाली, कारण एका शाळेतले ३४ विद्यार्थी एकदम आजारी पडले. आणि संशय कशावर आला? शेवेवर, बेसनाच्या! जंतूही नेहमीचा नव्हता, ई विष करणारा क्लोस्ट्रिडियम ब्युटिरिकम. शेव बोट्युलिझमच्या कोणत्याच यादीत नव्हती. म्हणून डॉक्टरने "डबाबंद काही खाल्लं का" असं विचारू नये. "गेल्या दहा दिवसांत काय काय खाल्लं, कोणासोबत, त्यातलं शिल्लक काय आहे" असं विचारावं.

तर्रीपोहा
बरं, समजा तालुक्याच्या दवाखान्यात दोघं आले, डोळे झाकलेले. तवा काय करावं? आपल्याकडं औषध आहे का याचं?

साथरोग_वर्धा
सापाची लस तालुक्याला असते, याचं प्रतिविष नसतं. ते आलं तरी पुढचा लकवा थांबवतं, झालेला मागे घेत नाही. जीव वाचतो तो श्वासावर. एका दमात मोठ्याने आकडे म्हणायला लावा. वीसच्या आत दम तुटला, किंवा मान उशीवरून उचलत नाही, तर व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी तात्काळ, सोबत ॲम्बू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि ती दाबणारा माणूस. तोंडाने काही देऊ नका. जेंटामायसिन आणि मॅग्नेशियम टाळा, दोन्हींनी स्नायू आणखी लुळे पडतात. मण्यारीचा संशय असेल तर सापाची लस द्यायचीच, ती याच्यासाठी थांबवायची नाही.

प्रतिविष देण्याआधी १० मिली रक्त काढून सीरम वेगळं, सोबत शौच, आणि उरलेलं अन्न त्याच भांड्यात, सगळं २ ते ८ अंशांत. त्याच वेळी जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्याला फोन. एक रुग्ण हाच उद्रेक धरायचा. गावात उरलेलं अन्न उकिरड्यावर किंवा ढोरापुढे जातं. म्हणून आशाताईंना पहिला निरोप "फेकू नका" हा जायला हवा. व्हेंटिलेटर काही आठवडे लागतो, पण शुद्ध जाग्यावर असते. रुग्णाला सगळं ऐकू येतं, त्याच्याशी बोलत राहा. श्वास वेळेवर सांभाळला तर आता शंभरातले पाच-दहाच दगावतात, एकेकाळी साठ-सत्तर दगावत. नानमध्ये ४२ जण व्हेंटिलेटरवर होते आणि एकही गेला नाही.

धानोरा_रानभाज्या
सगळ्यांचे आभार. गटांपुढे आता असं ठेवते: यंदा फक्त सुकवलेले वास्ते. बरणीबंद पुढच्या पावसाळ्यात, पीएच मीटर आल्यावर. डाळमिल दादांचं पटलं, दर स्वयंपाकघराचा असतो. आपला दर खरंच कमी असेल, तर तो वाढवणारी पहिली बरणी आपली नको.

एक उरलं. बरणीवर तारीख कोणती लिहायची, भरल्याची की विकल्याची?

खाद्यप्रक्रिया_अमरावती
भरल्याची, आणि घाण्याचा नंबर. त्या नंबरापुढे वहीत पाच गोष्टी: वास्ते कुठून आणले, लिंबूसत्त्व किती घातलं, दोन्ही दिवसांचे पीएच, किती बरण्या भरल्या, कोणत्या बाजारात गेल्या. प्रत्येक घाण्याची एक बरणी गटाकडे वर्षभर ठेवा.

साथरोग_वर्धा
त्या वहीत खरेदी करणाऱ्या दुकानदाराचा फोन नंबरही लिहा. एका बरणीवर संशय आला तर त्या घाण्याच्या बाकीच्या बरण्या त्याच संध्याकाळी परत आणता आल्या पाहिजेत.